क्युप्रेटमधला ‘गोंद’ शोधण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अतिसंवाहकता म्हणजे ठराविक तापमानाखाली पदार्थाचा विद्युतरोध पूर्ण नाहीसा होणं. तिच्या जुन्या, बीसीएस सिद्धांतात फोनॉन, म्हणजे जालकाची (अणूंच्या जाळीची) कंपनं, इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जुळवतात. मग तांब्याच्या ऑक्साइडांमध्ये, ज्यांना आपण क्युप्रेट म्हणतो, हे काम कोण करतं? तिथला गोंद कोणता? आणि 1986 पासून इतके लोक या विषयाला लागलेले असताना पुस्तकात अजून ‘सर्वमान्य सिद्धांत नाही’ हेच वाक्य का? पुढच्या महिन्यात एम.एस्सी.च्या सेमिनारमध्ये यावर काय बोलावं, हेही तुम्ही विचारलंय.

मी सिद्धांत मांडणारा नाही. क्युप्रेटचे नमुने भट्टीत भाजायचे, थंड करायचे आणि त्यांचा रोध मोजायचा, यात माझी पंचवीसेक वर्षं गेली. त्यामुळे माझं उत्तर नमुन्याच्या बाजूने येईल. सिद्धांतातले जाणकार याच गोष्टी वेगळ्या क्रमाने सांगतील. जिथे माझं मत आहे तिथे ते मत म्हणूनच सांगतो.

मला वाटतं, खरी अडचण ‘गोंद’ या शब्दातच आहे. 1957 साली बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी जे मांडलं त्याची सुरुवात एका चांगल्या धातूपासून होते. तिथले इलेक्ट्रॉन जवळजवळ मोकळे हिंडत असतात, एकमेकांच्या वाटेला फारसे जात नाहीत. त्यांच्यात कुठून तरी बारीकशी ओढ आली की जोड्या बनतात आणि बनताबनताच सगळ्या जोड्या एका तालात येतात. अशा ठिकाणी ‘ओढ कशाची?’ हा प्रश्न चपखल बसतो, कारण बाकी सगळं आधीच कळलेलं असतं. क्युप्रेटमध्ये बाकीचंच कळलेलं नाही. ज्या धातूतून अतिसंवाहकता उगवते तो धातूच ओळखीचा नाही, आणि तो धातू स्वतः एका विसंवाहकातून आलेला आहे. म्हणून प्रश्न असा विचारावा: एकमेकांना इतक्या जोराने दूर लोटणारे इलेक्ट्रॉन जोडीने चालायला लागतात ते कसे?

त्याआधी एक गैरसमज बाजूला करू. ‘क्युप्रेटचं अतिसंवाहक होण्याचं तापमान जास्त आहे, म्हणून तिथे फोनॉन नाहीत’ असं पुष्कळदा लिहिलेलं दिसतं. हा तर्क टिकत नाही. 1986 पर्यंत नायोबियम आणि जर्मेनियमच्या संयुगाचा 23 केल्विन हा उच्चांक होता आणि फोनॉनांच्या जोरावर तीस-चाळीस केल्विनच्या वर जाता येणार नाही अशी समजूत रुळली होती. पण 2015 साली जर्मनीत माइन्झला हायड्रोजन आणि गंधकाचं संयुग सुमारे 150 गिगापास्कल दाबाखाली 203 केल्विनला अतिसंवाहक झालं. तिथे हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम घातला की हे तापमान ठळकपणे खाली येतं, म्हणजे तिथे फोनॉनच कामाला आहेत. तापमान हा निकष नव्हे. क्युप्रेटमध्ये फोनॉनांवर संशय येतो तो दुसऱ्या कारणांनी. सर्वात चांगल्या यिट्रियम-बेरियम क्युप्रेटमध्ये साध्या ऑक्सिजनऐवजी जड ऑक्सिजन घातला तरी तापमान जवळपास हलत नाही. आणि जोडीचा आकार वेगळा आहे. त्याकडे पुढे येतो. फोनॉन तिथे अगदीच निष्क्रिय आहेत असंही नाही. ऑक्सिजनच्या समस्थानिकाचा परिणाम डोपिंग (ऑक्सिजन कमी-जास्त करून किंवा दुसरे अणू मिसळून भार वाहणाऱ्या पोकळ्यांची संख्या बदलणं) कमी केल्यावर वाढतो. पण मुख्य भूमिका त्यांची नसावी.

आता भट्टीकडे येतो. यिट्रियम ऑक्साइड, बेरियम कार्बोनेट आणि कॉपर ऑक्साइड नेमकं तोलून घ्यायचं, अगेटच्या खलात तासभर घोटायचं, 900 अंश सेल्सिअसच्या वर भाजायचं, पुन्हा घोटायचं, पुन्हा भाजायचं. भाजणी कमी पडली की पुडीत हिरवी झाक दिसते. ती नको असलेल्या दुसऱ्या संयुगाची. पूड काळी कुळकुळीत झाली की पेलेट, म्हणजे छोट्या वड्या, दाबायच्या. आता एकाच घाण्यातल्या दोन पेलेट घ्या. एक वाहत्या ऑक्सिजनमध्ये साधारण 450 अंशांवर ठेवून सावकाश थंड करा. दुसरी आर्गॉनमध्ये 700 अंशांपर्यंत तापवून झटकन थंड करा. दोन्ही काळ्याच. हातात घेऊन फरक कळत नाही. मग सिल्व्हर पेस्टने चार-चार तारा लावा आणि क्रायोस्टॅटमध्ये, म्हणजे नमुना थंड करायच्या उपकरणात, सोडा. पहिलीचा रोध तापमानाबरोबर सरळ रेषेत उतरत येतो आणि 92 केल्विनच्या आसपास एकदम कोसळतो. दुसरीचा रोध थंडीबरोबर चढत जातो, इतका की शेवटी मीटरच्या आवाक्याबाहेर जातो. दोघींत फरक एवढाच, की दुसरीत सूत्रामागे जेमतेम एक ऑक्सिजन कमी आहे.

पहिल्यांदा हे दोन आलेख एकाच कागदावर काढले तेव्हा मी बराच वेळ दुसऱ्याकडेच बघत बसलो होतो. रोध शून्य होणं मी वाचलेलं होतं. पण त्याचा इतका जवळचा नातलग ठार विसंवाहक असेल, हे हाताने केल्याशिवाय मनाला पटत नाही.

आणि ही दुसरी पेलेट विसंवाहक का, इथेच सगळं दडलंय. समजायला सोपं म्हणून लँथॅनम क्युप्रेट घेऊ, बेडनॉर्ट्झ आणि म्युलर यांनी 1986 साली झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत बेरियम मिसळून घेतलं होतं ते. शुद्ध लँथॅनम क्युप्रेटमध्ये तांब्याच्या प्रत्येक अणूपाशी एक एकटा इलेक्ट्रॉन उरतो. म्हणजे इलेक्ट्रॉनांचा ऊर्जापट्टा (बँड) अर्धा भरलेला. बँड थिअरीच्या हिशोबाने हा धातू असायला हवा. प्रत्यक्षात तो विसंवाहक आहे आणि त्याची गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी ऊर्जा, सुमारे 2 इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे.

लहानपणी पंधरा आकड्यांचं सरकवायचं कोडं तुम्ही खेळला असाल. एक घर रिकामं असतं म्हणून बाकीचे आकडे हलतात. सोळाही घरं भरली तर काहीच हलणार नाही. इथे तसंच. एका तांब्यावर दोन इलेक्ट्रॉन बसवायचे तर प्रतिकर्षणाची किंमत काही इलेक्ट्रॉनव्होल्ट पडते, म्हणून प्रत्येक जण आपल्या घरी अडकलेला. याला मॉट विसंवाहक म्हणतात. (नेमकं बोलायचं तर तांब्यांच्या मधला ऑक्सिजनही यात भाग घेतो आणि डोपिंगमुळे झालेली पोकळी, म्हणजे इलेक्ट्रॉनाची रिकामी जागा, बरीचशी त्याच्यावर बसते. पण झांग आणि राइस यांनी 1988 साली दाखवलं की ती पोकळी तांब्याच्या स्पिनशी (इलेक्ट्रॉनाच्या अंगच्या छोट्या चुंबकाशी) इतकी घट्ट बांधली जाते, की दोघं मिळून एका रिकाम्या घरासारखीच हलतात. त्यामुळे कोड्याचं चित्र चालतं.)

घरं भरलेली असली तरी इलेक्ट्रॉन अगदी गप्प बसत नाहीत. शेजारच्या घरात क्षणभर डोकावून परत येतात, आणि त्याने त्यांची ऊर्जा थोडी कमी होते. पण पाउलीच्या नियमामुळे (एकाच जागी एकाच स्पिनचे दोन इलेक्ट्रॉन राहू शकत नाहीत) शेजाऱ्याचा स्पिन उलटा असेल तरच डोकावता येतं. म्हणून शेजारी-शेजारी स्पिन उलटसुलट राहणं फायद्याचं ठरतं. यालाच सुपरएक्स्चेंज म्हणतात. क्युप्रेटमध्ये त्याची मात्रा सुमारे 0.13 इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे; तापमानाच्या भाषेत साधारण 1500 केल्विन. हा आकडा सेमिनारमध्ये फळ्यावर नक्की लिहा. जोड्या जुळवण्यासाठी बाहेरून कुणाला बोलवायची गरज नाही, एवढी मोठी शक्ती प्रतिकर्षणातूनच तयार झालेली आहे, हे त्या आकड्यावरून दिसतं.

पण शक्ती असणं वेगळं आणि जोडी जुळणं वेगळं. इथे मला उपयोगी पडलेली गोष्ट सांगतो. शिसं किंवा पारा यांसारख्या जुन्या अतिसंवाहकांतही इलेक्ट्रॉन एकमेकांना लोटतच असतात. तिथे जोडी टिकते ती वेळ चुकवून. पहिला इलेक्ट्रॉन जाताना जालकातले आयन थोडे ओढून ठेवतो. आयन जड, ते सावकाश परततात. तोवर पहिला लांब गेलेला असतो आणि दुसरा त्या ओढलेल्या जागेकडे येतो. दोघांची गाठ एका वेळी पडतच नाही. क्युप्रेटमध्ये इलेक्ट्रॉन जागा चुकवतात. जोडीच्या तरंगफलनाचा आकारच असा असतो की दोघं एकाच अणूवर सापडण्याची शक्यता शून्य. चार पाकळ्यांचं फूल डोळ्यांपुढे आणा: तांबं-ऑक्सिजनच्या बंधांच्या दिशेने पाकळ्या, आलटून पालटून अधिक आणि उणे, आणि कर्णांवर शून्य. याला डी-वेव्ह म्हणतात.

त्या अधिक-उण्याचं महत्त्व समीकरणात कळतं. बीसीएसच्या गॅप समीकरणात (इथली गॅप म्हणजे जोडी तोडायला लागणारी ऊर्जा, विसंवाहकाची नव्हे) प्रतिकर्षण घातलं तर सगळीकडे एकच चिन्ह असलेली गॅप मिळत नाही, उत्तर शून्य येतं. पण प्रतिकर्षण ज्या दोन दिशांच्या इलेक्ट्रॉनांना मुख्यत्वे जोडतं, त्या दिशांना गॅपची चिन्हं परस्परविरुद्ध असली तर उणे आणि उणे मिळून अधिक होतं आणि तेच प्रतिकर्षण जोडीला धरून ठेवतं. स्पिनच्या उलटसुलट मांडणीचे चढउतार नेमके अधिक पाकळीतल्या इलेक्ट्रॉनला उणे पाकळीत ढकलतात. हे गणित दोन पानांत होतं. सेमिनारसाठी तेवढं एक गणित स्वतः सोडवा, बाकीची समीकरणं सोडली तरी चालतील.

हा आकार नुसता तर्काने ठरलेला नाही. 1994 साली त्सुएई, कर्टली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन वेगवेगळ्या दिशांचे स्फटिक एका बिंदूत जुळतील असा आधार घेऊन त्यावर यिट्रियम क्युप्रेटच्या पापुद्र्याची बारीक कडी केली. गॅप चिन्ह बदलत असेल तर त्या कडीभोवती एक फेरी मारताना चिन्ह एकदा उलटं पडायला हवं, आणि तो हिशोब जुळवायला कडीत आपोआप अर्धा फ्लक्स क्वांटम (अतिसंवाहक कडीत मावणाऱ्या चुंबकीय फ्लक्सच्या मूळ एककाचा अर्धा) उभा राहायला हवा. स्क्विडच्या, म्हणजे अतिसूक्ष्म चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या साधनाच्या, सूक्ष्मदर्शकाखाली त्या कडीत नेमका अर्धा दिसला. शेजारच्या, ज्यांत चिन्ह उलटायला नको होतं अशा कड्यांत काहीच नाही. माझ्या पाहण्यात या विषयात इतका स्वच्छ प्रयोग दुसरा नाही. जोड्या दोन-दोन इलेक्ट्रॉनांच्याच आहेत हे 1987 सालीच फ्लक्स मोजून कळलं होतं. आता त्यांचा आकारही कळला.

म्हणजे इथवर काय पक्कं आहे? जोड्या आहेत, त्या डी-वेव्ह आहेत, त्या तांबं-ऑक्सिजनच्या प्रतलांत घडतात, आणि मूळ पदार्थ प्रतिकर्षणामुळे झालेला चुंबकीय विसंवाहक आहे. यावर आज कुणी गंभीरपणे वाद घालत नाही. ‘सिद्धांत नाही’ हे वाक्य वाचून यातलं काहीच ठाऊक नाही असा समज होतो, तो चुकीचा आहे.

वाद सुरू होतो तो याच्या पुढे. स्कॅलापिनो, पाइन्स यांच्यासारख्या सिद्धांतकारांचं म्हणणं असं की स्पिनचे चढउतार फोनॉनांच्या जागी बसवा, गोंद मिळाला. सिद्धांतकार अँडरसन यांना ते मान्य नव्हतं. 1987 च्या जानेवारीत बंगळूरला झालेल्या परिषदेत त्यांनी आपली कल्पना मांडली: विसंवाहकातच शेजारी-शेजारी स्पिन जोड्या करून असतात आणि त्या जोड्या सतत जागा बदलत असतात, फक्त घरं भरलेली असल्यामुळे विद्युतभार हलत नाही. पोकळ्या सोडल्या की त्याच आधीपासूनच्या जोड्या वाहू लागतात. याला आरव्हीबी (रेझोनेटिंग व्हॅलन्स बाँड) म्हणतात. त्या वर्षी भास्करन आणि झू यांच्यासोबत त्यांनी याचं गणित पुढे नेलं. या चित्रात गोंद असा वेगळा नाहीच.

यात कोण बरोबर हे थोडं तुम्ही कुठे उभे आहात यावर अवलंबून आहे. भरपूर डोपिंग केलेल्या बाजूला, जिथे पदार्थ नेहमीच्या धातूसारखा वागतो, तिथे स्पिनच्या गोंदाची भाषा नीट चालते. कमी डोपिंगच्या बाजूला ती तुटते आणि अँडरसन यांची वाट जवळची वाटते. माझं मत असं, की मुळात सुपरएक्स्चेंजच काम करतंय, आणि दोन्ही गट त्याचीच दोन टोकं धरून बोलताहेत. हे मी सिद्ध करू शकत नाही.

आता डोपिंगबरोबर अतिसंवाहक होण्याचं तापमान कसं बदलतं, त्या आकृतीकडे या. लँथॅनमच्या जागी स्ट्रॉन्शियम घालत गेलं की सुमारे 2 टक्क्यांवर चुंबकीय क्रम जातो, 5 टक्क्यांच्या आसपास अतिसंवाहकता सुरू होते, 16 टक्क्यांना 38 केल्विनच्या आसपास शिखर गाठते आणि 27 टक्क्यांपर्यंत संपते. हा घुमट का? एक जुनी, आकर्षक मांडणी अशी: कमी डोपिंगला जोड्या घट्ट असतात पण वाहणारा भार थोडा, त्यामुळे सगळ्या जोड्यांचा ताल जमत नाही. लेझीमच्या पथकात प्रत्येक जण नाचतोय, पण हलगीचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही, तसं. जास्त डोपिंगला ताल सहज जमतो पण जोड्याच सैल होतात. उएमुरा यांच्या मोजमापांतून कमी डोपिंगला तापमान आणि वाहणाऱ्या भाराची घनता सोबत चढताना दिसली, तेव्हा या चित्राला मोठा आधार मिळाला. मीही वर्गात हेच शिकवत असे. मग 2016 साली बोझोविच यांच्या गटाने अमेरिकेतल्या ब्रूकहेव्हन प्रयोगशाळेत दोन हजारांहून अधिक पापुद्रे बनवून मोजले आणि दाखवलं की जास्त डोपिंगच्या बाजूलाही वाहणारी घनता तापमानाबरोबर खाली येते, जिथे ती भरपूर असायला हवी होती. ही घट अशुद्धींमुळे आहे की आणखी काही आहे, यावर मतं विभागली आहेत. तेव्हापासून मी घुमटाची ती सोपी गोष्ट सांगताना उजव्या बाजूला प्रश्नचिन्ह काढतो. तुम्हीही काढा.

घुमटाच्या डावीकडे वर स्यूडोगॅप आहे. अतिसंवाहकता यायच्या कितीतरी आधी, शंभर-दोनशे केल्विनला, इलेक्ट्रॉनांच्या काही अवस्था नाहीशा होऊ लागतात. 1989 मध्ये एनएमआरच्या (अणुकेंद्रांच्या चुंबकीय अनुनादाच्या) मोजमापांत ते प्रथम स्पष्ट झालं. ताल न जमलेल्या जोड्या, की अतिसंवाहकतेशी स्पर्धा करणारी दुसरीच एखादी मांडणी? विद्युतभाराचे पट्टे 1995 मध्ये ट्रँक्वाडा यांना न्यूट्रॉनच्या प्रयोगांत दिसले, पुढे क्ष-किरणांनी इतर क्युप्रेटमध्येही तशी मांडणी सापडली. स्यूडोगॅप मात्र त्या मांडणीच्याही वरच्या तापमानाला सुरू होतो. मला इथे एकच एक कारण सापडेल असं वाटत नाही.

आणि शिखराच्या बरोबर वर तो सरळ रेषेचा रोध. मघाशी पहिल्या पेलेटबद्दल लिहिताना मी ते ओझरतं म्हणून गेलो, पण मला विचाराल तर सगळ्या विषयातलं सर्वात अवघड कोडं हेच आहे. आलेखावर पट्टी ठेवून बघा. 300 केल्विनपासून थेट खालपर्यंत बिंदू पट्टीला चिकटून राहतात. गुरविच आणि फायोरी यांनी 1987 साली लँथॅनमच्या क्युप्रेटमध्ये ही रेषा 1000 केल्विनच्याही पुढे नेऊन दाखवली. नेहमीच्या धातूत रोधाची वाढ कुठे तरी मंदावते, कारण इलेक्ट्रॉन दोन अणूंमधल्या अंतरापेक्षा कमी अंतरात कितीदा धडकणार? इथे ती मर्यादाच पाळली जात नाही. धडकांमधला काळ प्लँकचा स्थिरांक आणि तापमान एवढ्यावरूनच ठरतो असं दिसतं. खोलीच्या तापमानाला तो सुमारे 25 फेम्टोसेकंद येतो. एवढ्या वेळात इलेक्ट्रॉनला ‘हा एक कण’ असं म्हणायलाच जागा उरत नाही. बीसीएसला सुरुवातीला लागतात ते कण इथे नाहीत, तरी याच अवस्थेतून सर्वात चांगली अतिसंवाहकता येते.

‘मग संगणकावर गणित सोडवून टाकत का नाहीत?’ असं तुम्ही शेवटी विचारलंय. सोडवताहेत. हबर्ड मॉडेल म्हणजे मघाचं कोडंच: इलेक्ट्रॉन शेजारच्या घरी उडी मारू शकतो, आणि एका घरात दोघं आले तर दंड. एका घराच्या चार अवस्था. 6 गुणिले 6 ची जाळी घेतली तरी चारचा 36 वा घात, म्हणजे सुमारे 5 वर 21 शून्यं एवढ्या अवस्था होतात. शिवाय पट्टे आणि अतिसंवाहकता यांच्या ऊर्जेत इतका बारीक फरक असतो की पद्धत थोडी ढिली पडली की उत्तर फिरतं. अनेक गटांनी वेगवेगळ्या पद्धती एकमेकांवर तपासून 2020 साली दाखवलं की फक्त लगतच्या घरात उडी मारू दिली तर पट्टे जिंकतात, अतिसंवाहकता येत नाही. मग कर्णावरच्या घरातही उडी मारू दिली, आणि 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणितात डी-वेव्ह अतिसंवाहकता उतरली, पट्ट्यांच्या सोबतीने. इतकं साधं मॉडेल, बाहेरून कसलाही गोंद घातलेला नाही, आणि जोड्या जुळतात. गेल्या दहा वर्षांत या विषयात मला सर्वात जास्त आनंद देणारी बातमी हीच होती.

सेमिनारचं म्हणाल तर सुरुवात शून्य डोपिंगपासून करा, धातूपासून नको. विसंवाहक, सुपरएक्स्चेंज, डी-वेव्ह आणि त्या तीन स्फटिकांच्या कडीचा प्रयोग, एवढ्यात अर्धा तास जातो. नंतर स्यूडोगॅप आणि सरळ रेषेचा रोध यांना प्रत्येकी पाच मिनिटं. तुमच्या विभागात ट्यूब फर्नेस आणि ऑक्सिजनचा सिलिंडर असेल तर त्या दोन पेलेट स्वतः करा, पण तीन आठवडे आधी हात घाला. दुसऱ्या भाजणीशिवाय शुद्ध नमुना मिळत नाही आणि ऑक्सिजनमध्ये थंड करताना घाई केली की रोधाची घसरण रुंद होते. तयार पेलेट डेसिकेटरमध्ये ठेवा. या पावसाळी हवेत बाहेर राहिली तर बेरियम ओलावा धरतं आणि वर पांढुरका थर येतो. मग चारही तारा नव्या खरवडलेल्या जागी लावाव्या लागतील.